इस्रायलच्या भूमीवर ज्यूंचा हक्क: देवाच्या वचनाने की १८९७ च्या ठरावाने?

कोलाबकर:

गाझाच्या धाग्यावर परत तेच झालं. एकजण म्हणाला तोरामध्येच, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच लिहिलंय जमीन ज्यूंची, विषय संपला. दुसरा म्हणाला इंग्रजांनी १९१७ ला आणून बसवलेली माणसं ती, विषय संपला. दोघांनाही भरपूर प्लस वन पडले. मला दोन्ही वाचून वाईट वाटलं कारण खरा वाद यापेक्षा खूप खोल आहे आणि तो सगळ्यात आधी ज्यूंनी आपसातच घातलाय, शंभर-सव्वाशे वर्षं घालतायत. म्हणून वेगळा धागा. युद्धाच्या बातम्या तिकडेच राहू द्या, इथे हा हक्क कोण कशाच्या जोरावर सांगतं एवढंच बोलू.

माझं मत आधीच सांगतो. देवाच्या वचनावर ज्यांची श्रद्धा सगळ्यात कडक होती त्यांनीच सुरुवातीला ज्यू राष्ट्राला सगळ्यात कडक विरोध केला. राष्ट्र उभारलं ते बहुतेक करून धर्म न पाळणाऱ्या लोकांनी. म्हणजे धार्मिक दावा आणि राजकीय दावा हे दोन वेगळे दावे होते, त्यांची एकमेकांशी मारामारी होती, आणि १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर ते एकमेकांना घट्ट बांधले गेले तेव्हापासून तडजोडीची वाट बंद होत गेली.

आता वचन काय ते बघू. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की मिसरच्या नदीपासून फरातपर्यंतचा देश तुझ्या संततीला दिला. १७ व्यात कनान देश कायमचं वतन म्हणून दिलाय. लोक इथेच थांबतात. पण त्याच तोरामध्ये पुढे लेवीयमध्ये देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात, आणि नीट वागला नाहीत तर ही जमीन तुम्हाला ओकून टाकेल. म्हणजे वतन आहे पण अटीवर आहे. इ.स. ७० ला रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, १३५ मध्ये बार कोखबाचं बंड चिरडलं, त्यानंतर राब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी लावलेला अर्थ हाच होता. सणाच्या प्रार्थनेत आजही म्हणतात की आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो. रोमनांच्या पापांमुळे असं म्हणत नाहीत!

मग परत कधी जायचं? तर मशीहा, म्हणजे देव पाठवणार तो तारणहार येईल तेव्हा. तालमूदमध्ये, म्हणजे राब्बींच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात तीन शपथांचा उल्लेख आहे. ज्यूंनी जबरदस्तीने एकगठ्ठा भूमीवर चाल करून जायचं नाही, जगातल्या राष्ट्रांविरुद्ध बंड करायचं नाही, आणि तिसरी शपथ त्या राष्ट्रांना, की त्यांनी ज्यूंचा अतोनात छळ करायचा नाही. सातमार या कट्टर ज्यू पंथाचे राब्बी योएल टायटेलबाउम यांनी याच शपथांवर इस्रायल राष्ट्राविरुद्धचं सगळं म्हणणं उभं केलं. ते स्वतः नाझींच्या बेर्गन-बेल्सन छावणीतून वाचलेले होते हे लक्षात घ्या. घेट्टो आणि छळ न पाहिलेला माणूस बोलतोय असं नाहीये ते.

ज्यू राष्ट्राच्या चळवळीचा, म्हणजे झायनिझमचा नेता थिओडोर हर्झल या उलट. व्हिएन्नाच्या पेपरचा पत्रकार, धर्माचं पालन जवळपास शून्य, पॅरिसमध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा खटला आणि आजूबाजूचा ज्यूद्वेष बघितला आणि ठरवलं की युरोपात ज्यूंना जागा मिळणार नाही, स्वतःचं राज्य पाहिजे. १८९७ ला पहिली झायनिस्ट काँग्रेस म्युनिकला भरवायची होती, तिथल्या ज्यूंनी आणि जर्मनीतल्या राब्बींनी इतका निषेध केला की ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलला हलवावी लागली. बाझलच्या ठरावात देवाचं वचन हा आधारच नाही, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी कायद्याने संरक्षित असं घर एवढीच मागणी आहे. आणि अमेरिकेतल्या रिफॉर्म (सुधारणावादी) राब्बींनी तर १८८५ ला पिट्सबर्गमध्येच जाहीर केलं होतं की आम्ही आता राष्ट्र नाही, धर्मसमुदाय आहोत, आम्हाला पॅलेस्टाइनला परत जायची अपेक्षा नाही.

सगळ्यात डोक्यात राहिलेली गोष्ट म्हणजे १९०३ ची युगांडा स्कीम. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली, हर्झलने ती काँग्रेसपुढे ठेवली, पाहणीला माणसं पाठवायचा ठराव २९५ विरुद्ध १७८ ने पास झाला. विरोधात कोण, तर रशियातले सेक्युलर झायनिस्ट, ज्यांच्या मुलखात त्याच वर्षी किशिनेव्हची कत्तल झाली होती. आणि बाजूने कोण, तर मिझराखी या धार्मिक झायनिस्ट गटाचे संस्थापक राब्बी राइनेस! त्यांचं साधं म्हणणं, आत्ता माणसं वाचवा, पवित्र भूमीचं देव बघेल. म्हणजे नास्तिक सायनसाठी (यरुशलेम आणि पवित्र भूमीचं जुनं नाव) अडून बसला आणि राब्बी आफ्रिकेला तयार. शेवटी १९०५ ला स्कीम बारगळली.

लिहा आता. फक्त एकमेकांच्या धर्मावर घसरू नका प्लीज.

मृण्मयी_प:

खूप छान धागा. मला एक कळलं नाही, तीन शपथा इतक्या महत्त्वाच्या असतील तर आज इस्रायलमध्ये जे कट्टर धार्मिक लोक वस्त्या वसवतात ते शपथांचं काय करतात? ते पण तालमूद मानतातच ना?

कोलाबकर:

मृण्मयीताई, अगदी मुद्द्याचा प्रश्न. त्यांची उत्तरं बरीच आहेत. एक, शपथा हा तालमूदमधला कथाभाग आहे, कायदा नव्हे. दोन, तिसरी शपथ राष्ट्रांनी मोडली, होलोकॉस्टनंतर आमच्यावर पहिल्या दोन कशा बंधनकारक राहतील. तीन, १९२० ला सान रेमोच्या परिषदेत पहिल्या महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांनीच बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हावं हे ब्रिटिशांचं १९१७ चं आश्वासन) मान्य केला, म्हणजे परवानगी मिळाली, बंड कुठे झालं? द्विन्स्कचे राब्बी मेइर सिम्हा यांनी हे तेव्हाच म्हटलेलं आणि ते कुणी राजकारणी नव्हते, मोठे धर्मपंडित होते. शिवाय तेराव्या शतकातल्या रामबान या धर्मपंडिताने भूमीत राहणं ही प्रत्येक पिढीवरची धर्माज्ञा म्हणून मोजलीय आणि तो म्हातारपणी स्पेनहून खरंच यरुशलेमला गेला. त्याच्या आधीच्या रामबाम (मायमोनिडीस) या दुसऱ्या पंडिताने आज्ञांची यादी केली त्यात मात्र ती नाही. दोघेही एवढे मोठे की कुणालाच बाजूला सारता येत नाही.

पण खरा पूल बांधला तो राब्बी अब्राहाम इझॅक कूक यांनी, १९२१ पासून पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंचे) मुख्य राब्बी. शब्बाथला शेतात काम करणारे, डुक्कर खाणारे तरुण बघून बाकीचे राब्बी संतापायचे. कूक म्हणायचे, मंदिर बांधून झालं की गाभाऱ्यात फक्त मुख्य पुजारी जाऊ शकतो तोही वर्षातून एकदा, पण बांधकाम चालू असताना साधा गवंडी चिखलाच्या पायांनी आत जातोच ना? हे तरुण ते गवंडी आहेत, त्यांना माहीत नसलं तरी देवाचंच काम करतायत. मला हा विचार फार सुंदर वाटतो आणि तितकाच धोक्याचा, कारण एकदा राष्ट्र म्हणजेच देवाचं काम ठरलं की त्यातली एक टेकडीही सोडता येत नाही.

अण्णा_सोलापूर:

धागा चांगला आहे पण कोलाबकर तुम्ही सेक्युलर आणि धार्मिक अशी जी सरळ रेघ मारलीत ती मला पटत नाही. इस्रायलचा पहिला पंतप्रधान बेन गुरियन धर्म पाळायचा नाही हे खरं, पण ब्रिटिशांच्या पील चौकशी कमिशनसमोर त्यानेच सांगितलं ना की बायबल हाच आमचा मँडेट, म्हणजे अधिकारपत्र आहे? देव नको पण देवाने दिलेलं खरेदीखत पाहिजे असा तो प्रकार. आणि युगांडाला रशियन लोकांनी नकार दिला तो का दिला, मनात सायन होतं म्हणूनच ना, ते सायन कुठून आलं, शतकानुशतकं दर वल्हांडण सणाला 'पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये' म्हणत आले त्यातूनच आलं. त्यामुळे धार्मिक ओढ काढून टाकली तर राजकीय झायनिझम उरतच नाही.

दुसरं, राजकीय दाव्याचं खरं बळ तुम्ही लिहिलंच नाहीत. ते म्हणजे बंद दारं. १९३८ ला एव्हियानला ३२ देश बसले, ज्यू निर्वासितांबद्दल हळहळले आणि जवळपास कुणीच दार उघडलं नाही. १९३९ ला ब्रिटिशांनी श्वेतपत्रिका काढून पॅलेस्टाइनमध्येही पाच वर्षांत ७५,००० वर मर्यादा घातली, नेमक्या त्या पाच वर्षांत! साठ लाख माणसं मारली गेल्यावर वाचलेल्यांना परत पोलंडच्या त्याच गावात जा म्हणून कोण सांगणार होतं. मला वचनाशी कर्तव्य नाही, मला हा एकच आधार पुरेसा वाटतो. जगात अशी एक तरी जागा पाहिजे जिथून त्यांना कुणी हाकलणार नाही.

शिरीन_मिरज:

अण्णा, तुमचा दुसरा परिच्छेद मी मान्य करते, मनापासून. पण त्याची किंमत ज्यांनी दिली ते एव्हियानच्या बैठकीत नव्हते आणि त्यांनी कुणाला गॅस चेंबरमध्येही घातलं नव्हतं. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत पॅलेस्टाइनमध्ये ज्यू साधारण ११ टक्के होते. बाल्फोर जाहीरनाम्यात उरलेल्या जवळपास ९० टक्के लोकांचं नावसुद्धा नाही, 'ज्यू नसलेले तिथले समुदाय' एवढंच, आणि त्यांना नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी, राजकीय हक्कांची नाही. १९४७ च्या पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात लोकसंख्येच्या एक तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून जास्त जमीन दिली. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादारातून गेले, काही पळाले काही हाकलले गेले, ते नकबा म्हणतात त्याला. मग १९५० चा परतीचा कायदा आला, जगातल्या कुठल्याही ज्यूला इस्रायलला येऊन नागरिक होता येतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराची आठवण हक्क ठरते आणि दोन वर्षांपूर्वी कुलूप लावून निघालेल्या माणसाची किल्ली काहीच ठरत नाही, हे मला कुठल्याच न्यायात बसवता येत नाही.

आणि मुसलमान म्हणून एक लिहिते कारण कुणीतरी विचारणारच. कुराणात पाचव्या सूऱ्यात मूसा आपल्या लोकांना सांगतात की अल्लाहने तुमच्यासाठी लिहिलेल्या पवित्र भूमीत जा. हे आहे, लपवायचं काही नाही. बहुतेक भाष्यकार म्हणतात ते त्या काळच्या आज्ञापालनाशी जोडलेलं होतं, काही थोडे मुसलमान अभ्यासक ते आजच्या ज्यू हक्काचा आधार म्हणूनही वाचतात. पण हमासने १९८८ च्या सनदेत अख्खा पॅलेस्टाइन कयामतपर्यंत वक्फ आहे असं लिहिलं तेव्हा त्यांनी तेच केलं जे वस्त्यावाले करतात. पॅलेस्टिनींची पीएलओ ही संघटना निदान राजकीय भाषेत बोलायची, म्हणून तर १९९३ ला इस्रायलला मान्यता देता आली. वक्फ म्हटलं की कागदावर सही कोण करणार?

कोलाबकर:

शिरीनताई, शेवटचा परिच्छेद म्हणजे मला जे दोन पानं लिहून सांगता आलं नाही ते आहे.

दर्यासारंग:

आपल्याकडचा संबंध कुणी काढला नाही अजून. बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश कॅबिनेटमध्ये सगळ्यात जोरात विरोध करणारा मंत्री तिथला एकमेव ज्यू होता, एडविन माँटेग्यू, भारतमंत्री! हाच तो माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाला. ऑगस्ट १९१७ मध्ये एकीकडे भारताला जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात आपल्याच सरकारचं धोरण ज्यूद्वेष्टं आहे म्हणून टिपण लिहिलं. त्याची भीती अशी की एकदा ज्यूंचं राष्ट्र पॅलेस्टाइन ठरलं की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना म्हणणार, तुमचं घर तिकडे, चला. नोव्हेंबरमध्ये जाहीरनामा निघाला तेव्हा हा भारताच्या दौऱ्यावर निघालेला होता. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि दर्जाला धक्का लागणार नाही असं जे वाक्य जाहीरनाम्यात आहे ते अशाच लोकांच्या विरोधामुळे.

गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ च्या हरिजनमध्ये लिहिलं की माझी सहानुभूती ज्यूंबरोबर आहे पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. मार्टिन बूबरने त्यांना लांबलचक पत्र लिहून उत्तर दिलं. गंमत बघा, बूबर स्वतः ज्यू-अरब दोघांचं मिळून एक राज्य व्हावं या मताचा होता, तरी त्याला गांधीजींचं पटलं नाही. सावरकरांनी उलट १९२३ लाच लिहिलं होतं की झायनिस्टांचं स्वप्न पुरं झालं तर आम्हाला आनंदच होईल, त्यांच्या पितृभू-पुण्यभूच्या मांडणीत ते चपखल बसत होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ ने पास झाला, भारताने विरोधात मत दिलं, तेव्हा सावरकरांनी त्यावर टीका केली. मान्यता आपण १९५० ला दिली, १९५३ पासून मुंबईत त्यांची वकिलात होती पण पूर्ण संबंध थेट १९९२ ला. स्वतःच्या फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं तेव्हा आपण दुसऱ्याच्या फाळणीला हो म्हणालो नाही, मला ते मत आजही बरोबर वाटतं.

अश्दोदकर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, घरचे मूळ अलिबागकडचे, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. मराठी टायपिंग स्लो आहे, सांभाळून घ्या.

कोलाबकर, तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा पुरावा तुमच्याच जिल्ह्याच्या लोकांचा आहे. १८९७ च्या बाझलच्या काँग्रेसचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायल समाजालाही आलं होतं. समाजाने नकार कळवला, आम्ही सायनला परत जायला देवाच्या हाताची वाट बघतोय म्हणून. सातमारचं नाव इकडे कुणी ऐकलेलं नसताना, कोकणातून तेल गाळत आलेले आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे आमचे लोक तेच म्हणत होते.

आणि ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. आमच्याकडे लग्न असो, नवस असो, मुलगा बरा होऊन घरी येवो, मलिदा करतात. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर वेलची, बाजूने फळं लावायची, मध्ये गुलाब किंवा सब्जा, आणि एलियाहू हन्नाबीला हाक मारायची. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचा रथ टेकला असं सगळे मानतात. एलियाहू कोण, तर मशीहा यायच्या आधी येऊन खबर देणारा. म्हणजे दर मलिद्याला आम्ही तीच वाट बघत होतो. मग मशीहा न येताच माणसं बोटीत आणि विमानात का बसली? छळ होता म्हणून नाही, भारतात आम्हाला कुणी बोट लावलं नाही हे इकडे प्रत्येक म्हातारा छातीठोक सांगतो. १९४८ ला राष्ट्र झालं हेच देवाचा हात आहे असं लोकांना वाटलं. राब्बी कूकचं एक अक्षर न वाचता.

पण इथे आल्यावर काय झालं तेही लिहिते. १९५१-५२ ला बेरशेबाच्या आपल्या लोकांनी भेदभाव होतो म्हणून धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि काहींना खरंच परत पाठवलं. नंतर त्यातले बरेच पुन्हा इकडे यायला निघाले. १९६२ ला मुख्य राब्बीच्या ऑफिसने आदेश काढला की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षं शब्बाथ आणि सुंता सांभाळलेल्या लोकांच्या पिढ्या! १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, शेवटी ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थाने ज्यू आहेत आणि राब्बींना आदेश बदलावा लागला. म्हणजे परतीच्या कायद्याने आम्ही ज्यू होतो, लग्नाच्या टेबलावर नव्हतो. लग्न राब्बींच्या हातात कसं गेलं, तर राष्ट्र व्हायच्या आधी जून १९४७ ला बेन गुरियनने अगुदात इस्रायल या झायनिझमविरोधी कट्टर धार्मिक पक्षाला पत्र देऊन शब्बाथ, कोशर (खाण्याचे धर्मनियम), लग्न आणि शाळा यांची हमी दिली होती म्हणून. त्यांचा विरोध थंड करायला दिलेली किंमत आमच्यासारख्यांच्या खिशातून गेली.

मृण्मयी_प:

ताई, हे कुठेच वाचलं नव्हतं. लिहीत राहा.

अण्णा_सोलापूर:

अश्दोदकर, नमस्कार, खूप मोलाचं लिहिलंत. पण यातून माझाच मुद्दा पक्का होत नाही का, छळ नसतानाही लोक गेले म्हणजे ओढ धार्मिकच होती आणि ती खरी होती. मग कोलाबकर १९६७ ला खलनायक का ठरवतात ते सांगावं.

कोलाबकर:

ओढ खरी होती हे मी कधीच नाकारलं नाही अण्णा. ओढ असणं आणि हद्द ठरवणं यात फरक आहे. मे १९६७ मध्ये, युद्धाच्या तीन आठवडे आधी, थोरल्या कूकांचे चिरंजीव राब्बी झ्वी येहुदा कूक यांनी आपल्या येशिवात (धर्मशाळेत, जिथे तरुण तोरा-तालमूद शिकतात) भाषण केलं. म्हणाले, १९४७ ला फाळणीचा ठराव झाला त्या रात्री सगळे रस्त्यावर नाचत होते आणि मला नाचता आलं नाही, आमचं हेब्रोन कुठे आहे, आमचं शेखेम (नाब्लुस) कुठे आहे, आमचं यरीहो कुठे आहे? जूनमध्ये सैन्य त्या प्रत्येक गावात पोचलं. ऐकणाऱ्या पोरांना ती भविष्यवाणीच वाटली. त्यांच्यातूनच १९७४ ला गुश एमुनिम उभी राहिली आणि वस्त्यांची चळवळ पसरली. तोपर्यंत हद्द हा युद्धाचा आणि सौद्याचा विषय होता, इथून पुढे ती पापपुण्याची गोष्ट झाली. ४ नोव्हेंबर १९९५ ला पॅलेस्टिनींशी करार करणारे पंतप्रधान राबिन यांना गोळ्या घालणारा पोरगा आपल्या कृत्याला धर्मशास्त्राचा आधार सांगत होता.

आणि धर्माच्या आत दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. १९७९ ला राब्बी ओवादिया योसेफ, सेफार्दी (मूळ स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या) जगाचे सगळ्यात मोठे पंडित, त्यांनी निर्णय दिला की जीव वाचणार असतील तर जमीन सोडणं धर्माला धरून आहे, कारण जीव वाचवणं बहुतेक सगळ्या आज्ञांच्या वर. येशायाहू लायबोविट्झ, शब्बाथ काटेकोर पाळणारा प्राध्यापक, १९६७ नंतर लगेच सांगत होता की जिंकलेल्या प्रदेशावर राज्य केलंत तर आतून सडाल. म्हणून मी धर्माला दोष देत नाहीये, एका विशिष्ट गाठीला देतोय.

शिरीन_मिरज:

आणि ती गाठ आता कायद्यात आहे. १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग न बघता सगळ्या नागरिकांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समानता लिहिलीय. २०१८ चा राष्ट्र-राज्य कायदा ६२ विरुद्ध ५५ ने पास झाला, त्यात इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा, अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून 'विशेष दर्जा', आणि समानता हा शब्दच नाही. तिथला पाचातला एक नागरिक अरब आहे. अश्दोदकर ताई, तुम्हाला याबद्दल काय वाटतं? भांडायला विचारत नाहीये.

अश्दोदकर:

शिरीनताई, भांडण कसलं. माझ्या घरात यावर दोन मतं आहेत. धाकटा भाऊ म्हणतो ज्यूंचं राष्ट्र असं लिहिलं तर बिघडलं काय, त्यासाठीच तर ते झालं. मी त्या कायद्याच्या विरोधात आहे. आम्हाला १९६४ ला जे मिळालं ते समान नागरिक म्हणून रस्त्यावर बसून मिळालं, आणि ज्यू कोण हे ठरवायचा अधिकार एकदा एका टेबलाकडे दिला की काय होतं ते आमच्या लोकांनी भोगलंय. पण पुढचं पण लिहिते, नाहीतर अर्धंच होईल. माझा या जागेवरचा हक्क मला कुणापुढे सिद्ध करायचा नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला तेव्हा अश्दोदमध्ये जिन्यात मुलांना घेऊन बसले होते, कुणी कुठला अध्याय वाचला नाही, जायला दुसरी जागा नाही एवढंच डोक्यात होतं. इथून तीस-चाळीस किलोमीटरवर गाझा आहे आणि तिथल्या बाईलाही दुसरी जागा नाही हे मला त्या दिवशीही माहीत होतं आणि त्यानंतर रोज माहीत आहे. तिचा हक्क मान्य केला तर माझा कमी होतो असं मला वाटत नाही, इकडच्या निवडणुकीत मी मत त्यावरूनच देते.

दर्यासारंग:

ताई, वाचलं. सातमारवाल्यांचं काय झालं मग, आज इस्रायलमध्ये हे विरोधक आहेत का?

कोलाबकर:

आहेत ना. सातमारचं मुख्य ठाणं न्यूयॉर्क, पण यरुशलेममध्येही त्यांचे आणि नेतुरे कार्ता या दुसऱ्या राष्ट्रविरोधी धार्मिक गटाचे लोक आहेत, स्वातंत्र्यदिनाला त्यातले काही काळे झेंडे लावतात. अगुदातवाले मधल्या वाटेवर, अनेक सरकारांत बसले पण झायनिस्ट म्हणवून घेत नाहीत. जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की येशिवात शिकणाऱ्या हरेदी (अतिकट्टर धार्मिक) तरुणांना सैन्यातून सरसकट सूट द्यायला कायद्याचा आधार उरलेला नाही, तेव्हापासून तिथे रस्ते अडवणं चालू आहे. त्यावर पुढचा धागा काढतो, हा खूप लांबला.